१७११ साली न्यूयॉर्कमध्ये बांधून दिलेली पॅलाटाइन मुलगी : आईवडिलांचा माग कसा काढायचा?

रेघोटी (प्रश्न)

विषय १७१० च्या पॅलाटाइन लोकांचा आहे. १७०९ मध्ये ऱ्हाइन खोऱ्यातून रॉटरडॅममार्गे लंडनला गेलेले आणि तिथून इंग्रज सरकारने गव्हर्नर रॉबर्ट हंटरच्या ताब्यात न्यूयॉर्कला धाडलेले हे जर्मनभाषक लोक. हडसन नदीकाठच्या पाइन झाडांपासून आरमारासाठी डांबर करायचं, या बोलीवर त्यांना आणलं होतं.

त्यांच्यातल्या एका मुलीचं कूळ शोधायचं आहे. हंटरने १७१० ते १७१४ या काळात जी मुलं निरनिराळ्या घरांत मुदतीच्या कराराने कामाला बांधून दिली, त्यांच्या छापील यादीत ती आहे. तारीख फेब्रुवारी १७११, वय ११. आईबाप दोघेही मयत एवढाच शेरा, त्यांची नावं नाहीत. जिथे दिली ते घर लाँग आयलंडवर हेम्पस्टेडला.

अडतंय ते असं :

ती कोणत्या जहाजाने आली हे कुठे कळेल?

हंटरने या लोकांच्या शिध्याचा हिशेब ठेवलेल्या खर्चवहीत तिच्या आडनावाशी जुळणारे दोन कुटुंबप्रमुख आहेत. एकाचं आडनाव 'क'ने सुरू होतं, दुसऱ्याचं 'ग'ने. तिचा बाप कोणता हे कसं ठरवायचं? 'क'वाला १७११ च्या जूनपर्यंत वहीत दिसतो, म्हणजे फेब्रुवारीत तो जिवंत होता. म्हणून तो वगळला आहे.

हेम्पस्टेडनंतर तिचा पत्ता लागत नाही. लग्न कुठे शोधायचं?

ऑनलाइन वंशावळींत सगळीकडे तिला एका जर्मन गावातला १७०० सालचा बाप्तिस्मा चिकटवलेला आहे. आधार कुणीच दिलेला नाही. तो कसा तपासायचा?

जुनी_वही

जहाजाचा प्रश्न आधी मिटवू. ताफ्यात दहा जहाजं होती आणि बहुतेक १७१० च्या जून-जुलैत न्यूयॉर्कला लागली. कोण कोणत्या जहाजावर होतं हे सांगणारी यादी हाताशी नाही. सगळ्या अमेरिकेत उतरणाऱ्यांच्या याद्या केंद्र सरकारच्या कायद्याने ठेवायला लागल्या त्या १८२० पासून. त्यामुळे एखाद्या वंशावळीत या मुलीपुढे जहाजाचं नाव लिहिलेलं दिसलं, तर ते अंदाजाने लिहिलं आहे असं धरा आणि पुढे चला. साधारण २,८०० माणसं निघाली होती आणि जुलै संपेपर्यंत त्यांतली साडेचारशेच्या आसपास दगावली होती. इतकी मुलं एकदम पोरकी झाली त्याचं कारण हेच.

अकरा वर्षांच्या मुलीच्या स्वतःच्या नावाने कागद सापडत नाहीत. तिने कुठे सही केली नाही, शपथ घेतली नाही, कर भरला नाही, जमीन घेतली नाही. हे सगळं तिच्याभोवतीच्या मोठ्यांनी केलं. तेव्हा माग काढायचा तो बापाचा, बापाच्या शेजाऱ्यांचा, ज्याच्या घरी दिली त्या मालकाचा आणि पुढे नवऱ्याचा. मुलगी या चौघांच्या मधे कुठेतरी सापडते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खर्चवहीतच दडलेलं असणार, पण ती वही नीट वाचावी लागते. सरकार या लोकांना रोजचा शिधा देत होतं, मोठ्या माणसामागे ६ पेन्स आणि दहा वर्षांखालच्या मुलामागे ४ पेन्स. म्हणून प्रत्येक कुटुंबप्रमुखाच्या नावापुढे दोनच आकडे येतात : दहाच्या वरचे किती, दहाच्या आतले किती. बायकोमुलांची नावं नाहीत. सुरुवातीच्या नोंदी १ जुलै, ४ ऑगस्ट, ४ ऑक्टोबर आणि ३१ डिसेंबर १७१० या तारखांच्या आहेत, पुढे ठराविक अंतराने, आणि शेवट १३ सप्टेंबर १७१२ ला, कारण तेव्हा शिधा बंद झाला. मूळ वही लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात वसाहत खात्याच्या कागदांत आहे.

दोन्ही कुटुंबांसाठी वेगळा कागद घ्या. डावीकडे तारखा, पुढे दोन आकडे, त्यापुढे प्रमुखाचं नाव जसं लिहिलंय तसंच, स्पेलिंगसकट. मग बदल कुठे होतो ते पाहा. नवऱ्याच्या जागी विधवेचं नाव आलं की त्याचा मृत्यू त्या दोन तारखांच्या मधला. एक मूल कमी झालं, तर ते वारलं किंवा बांधून दिलं गेलं. तुमच्याकडे कराराचा महिना आहे. तिच्या घरातला आकडा त्या सुमारास एकाने घटलाच पाहिजे. कोणत्या घरात घटतो ते बघा.

इथे एक खड्डा आहे आणि तुमची मुलगी अगदी त्याच वयाची आहे. १७०० च्या आगेमागे जन्मलेलं मूल १७१० किंवा १७११ मध्ये दहा ओलांडतं. तेव्हा लहानांच्या रकान्यातून एक कमी होतो आणि मोठ्यांच्या रकान्यात एक वाढतो. पाहणाऱ्याला वाटतं, एक मूल गेलं आणि कुणी मोठा नातेवाईक राहायला आला. प्रत्यक्षात मुलीचा वाढदिवस झालेला असतो. बेरीज तीच राहते का हे आधी तपासायचं.

'क' आणि 'ग' यांच्यामुळे गोंधळू नका. इंग्रज कारकून कानाला जे ऐकू आलं ते लिहीत होता. पॅलाटिनेटच्या (यांतले बरेच जण आले त्या ऱ्हाइनकाठच्या मुलखाच्या) बोलीत क-ग, प-ब, ट-ड यांचे उच्चार इतके जवळ येतात की एकाच माणसाचं नाव दोन्ही अक्षरांखाली मिळू शकतं. व, फ आणि जर्मन डब्ल्यू यांचंही तसंच. मात्र तुमच्याकडे दोन प्रमुख एकाच तारखेला वेगवेगळ्या आकड्यांनी शिधा घेत असतील तर ती दोन घरंच आहेत, आणि कदाचित भाऊ-भाऊ.

छापील यादी तपासायला मूळ कागद मागणार असाल तर एक सांगून ठेवतो. ऑल्बनीच्या राज्य ग्रंथालयाला मार्च १९११ मध्ये आग लागली, वसाहतकाळातली कितीतरी हस्तलिखितं जळाली, कितीतरींच्या कडा करपल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इतिहासकार ओ'कॅलाहनने छापलेल्या याद्यांना म्हणूनच आज मोल आहे. पण ती नक्कलच आहे. दोन नकलांत अक्षर वेगळं दिसलं तर दोन्ही रूपं टिपून ठेवा, एकावर काट मारू नका. त्याच खंडात १७१० मध्ये न्यूयॉर्क शहरात मागे राहिलेल्या पॅलाटाइनांची यादी आहे आणि तीत मुलांची नावं वयासकट आहेत. विधवा आणि पोरकी मुलं शहरात बरीच राहिली होती. ती यादी तुम्ही पाहिल्याचं प्रश्नात दिसत नाही. आज रात्री आधी ती काढा.

पायवाट

जुनी_वही यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी. बांधून दिलेलं मूल म्हणजे पोरकं मूल, हे समीकरण या यादीला लागू पडत नाही.

ठळक उदाहरण जॉन पीटर झेंगर याचं, १७३५ च्या वृत्तपत्र खटल्यात निर्दोष सुटलेला मुद्रक. १७१० मध्ये तेरा वर्षांचा असताना तो न्यूयॉर्कचा मुद्रक विल्यम ब्रॅडफर्ड याच्याकडे आठ वर्षांसाठी बांधला गेला. बाप गेला होता, पण आई जिवंत होती आणि करार तिच्या संमतीने झाला. दुसरं उदाहरण याच ताफ्यातून आलेल्या कॉनराड वायझरच्या घरातलं. त्याचे दोन भाऊ लाँग आयलंडवर बांधून दिले गेले तेव्हा बाप जिवंत होता, फक्त आजारी होता. आई मात्र निघण्याआधीच, १७०९ मध्ये, गावीच वारली होती.

तुमच्या यादीत दोघेही मयत लिहिलं आहे, तेव्हा बाप तरी नक्की गेलेला. आईबद्दल जरा थांबा. अशा दाटीवाटीच्या छावणीत विधवा आणि विधुर काही आठवड्यांत पुन्हा लग्न करत. मयत म्हणून लिहिलेली बाई सावत्र असू शकते. तसंच सख्खी आई बापाच्या आधी दोन वर्षं जर्मनीत वारलेली असू शकते. वायझर मुलांची आई अशीच आधी गेली होती. आईचा मृत्यू फक्त जहाजावर आणि न्यूयॉर्कमध्ये शोधत बसाल तर तो हाती लागणार नाही.

मुदतीचाही हिशेब करून ठेवा. हंटरच्या काळचा नियम मुलग्यांना १७ वर्षांपर्यंत आणि मुलींना १५ पर्यंत बांधण्याचा होता. प्रत्यक्ष करार त्याहून लांब असू शकत. झेंगरची आठ वर्षं धरली तर तो एकवीसचा होतो. म्हणजे ही मुलगी लवकरात लवकर १७१५ च्या सुमाराला मोकळी झाली असणार, कदाचित १७१८ ला. लग्न त्यानंतरचं धरा.

आणि एक : त्याच यादीत तेच आडनाव किंवा त्याच्या जवळचं आडनाव असलेली आणखी मुलं शोधा, विशेषतः एकाच दिवशी किंवा लागोपाठच्या दिवसांत बांधलेली. भावंडं वेगवेगळ्या घरी जात, कधी कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंडपर्यंत. मोठ्या भावाच्या नोंदीत बापाचं नाव लिहिलेलं असतं आणि धाकट्या बहिणीच्या नोंदीत फक्त मयत. असं झालं असेल तर तुमचं निम्मं काम भावाने केलेलं आहे.

सनावळी

प्रश्नातली एक ओळ पुन्हा वाचा : फेब्रुवारी १७११.

१७५२ पर्यंत इंग्रजी मुलखात आणि वसाहतींत कायद्याचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू होत होतं. १ जानेवारी ते २४ मार्च या दिवसांना जुना कारकून सरत्या वर्षाचाच आकडा लावी. त्यामुळे इंग्रजी कागदावर फेब्रुवारी १७११ असं असेल, तर तो आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७१२ असण्याची दाट शक्यता आहे. सावध कारकून १७११/१२ असं दुहेरी लिहीत, पण सगळे नाही, आणि छापताना तो दुसरा आकडा कधी गळतो.

हे ठरवायला अंदाजाची गरज नाही. यादी तारखेच्या क्रमाने आहे. तुमच्या नोंदीच्या वरच्या आणि खालच्या पाच-सहा नोंदी पाहा. वर ऑक्टोबर-नोव्हेंबर १७११ आणि खाली एप्रिल-मे १७१२ असेल तर ती फेब्रुवारी १७१२ चीच. वर १७१० चा शेवट असेल तर १७११.

याचा परिणाम मोठा आहे. साल १७१२ निघालं तर जून १७११ मध्ये जिवंत असलेला 'क' तुम्ही उगाच वगळला आहे.

कालगणनेचे आणखी दोन घोळ या लोकांच्या बाबतीत हमखास होतात. इंग्रजी तारीख त्या शतकात युरोपातल्या नव्या पंचांगाच्या ११ दिवस मागे होती. हॉलंडच्या त्या भागात नवं पंचांग, लंडनला जुनं. म्हणून १० जूनला रॉटरडॅम सोडलेलं कुटुंब ३ जूनला लंडनात दाखल झालेलं दिसतं. ही चूक नव्हे. १० जून म्हणजे लंडनचा ३० मे, प्रवासाला चार दिवस लागले. हे न कळल्याने एकाच कुटुंबाला दोन समजून वेगळं काढणारे खूप आहेत.

दुसरं, बहुतेक जर्मन प्रोटेस्टंट संस्थानांनी १७०० साली पंचांग बदललं आणि १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च आला. तुम्ही म्हणता तो १७०० चा बाप्तिस्मा एखाद्या प्रोटेस्टंट वहीतला आणि २० किंवा २५ फेब्रुवारीचा म्हणून दिला असेल, तर ती नोंद मूळ पानावर पाहिल्याशिवाय मान्य करू नका. जर्मन वह्यांत वर्ष १ जानेवारीलाच सुरू होतं, तेव्हा तिथे दुहेरी सालाचा प्रश्न येत नाही.

ओवी

लग्नाच्या शोधाबद्दल.

हेम्पस्टेडचं अँग्लिकन चर्च सेंट जॉर्ज, त्याची वही १७२५ च्या आसपास सुरू होते. म्हणजे लग्न १७१८ ते १७२४ मधलं असेल तर तिथे मिळणार नाही, पण उशिरा झालेल्या मुलांचे बाप्तिस्मे मिळू शकतात. लग्नपरवान्यांकडूनही फार आशा ठेवू नका, न्यूयॉर्कचे जतन झालेले परवाने मुख्यतः १७५३ नंतरचे आहेत. हेम्पस्टेडची नगरदप्तरं आठ खंडांत छापलेली आहेत. त्यांत मालकाचं नाव शोधा : जमिनीचे व्यवहार, गुरांच्या कानावरच्या खुणा, कुंपणांचे वाद. मालक कुठे राहत होता आणि शेजारी कोण होते हे कळलं की नवरा कोणत्या चार-पाच घरांतला असू शकतो याची कल्पना येते. मालकाचं मृत्युपत्रही वाचा. घरात वाढलेल्या मुलीला एखादी गाय किंवा अंथरूण-पांघरूण ठेवलेलं असतं आणि तिथे ती नव्या आडनावाने येते.

मुख्य शोध मात्र डच आणि लुथरन चर्चच्या वह्यांत. कारण साधं आहे : डच वहीत लग्न झालेली बाई माहेरच्या आडनावाने लिहिली जाते. इंग्रजी वहीत ती लग्नाच्या दिवशी हरवते, डच वहीत मुलांच्या प्रत्येक बाप्तिस्म्याला पुन्हा सापडते. म्हणून लग्नाची नोंद मिळाली नाही तरी १७१६ ते १७४५ मधले बाप्तिस्मे आईच्या आडनावाने चाळा. डच लग्ननोंदीत जन्मदेशही येतो. वधूपुढे कुमारिका अशा अर्थाचं संक्षिप्त रूप आणि पुढे जर्मनीत जन्म असं दिसलं की थांबून वाचायचं.

आडनावाला शेवटी 'इन' लागलेलं असेल तर ते जर्मन स्त्रीलिंगी रूप आहे. झेंगरच्या दुसऱ्या बायकोचं नाव १७२२ च्या लग्ननोंदीत माउलिन असं आहे, माहेरचं आडनाव माउल. हे विसरलात तर शोधयंत्रात काहीच येत नाही. तिच्या आडनावाची सगळी रूपं, प्रत्येकाला 'इन' जोडून, एका कागदावर लिहून घ्या. पंधरा-वीस होतील. आडनावाला अर्थ असेल तर इंग्रजी भाषांतरही त्यात घाला : त्सिमरमानचा कार्पेंटर होतो, श्वार्त्सचा ब्लॅक.

नुसतं लाँग आयलंड धरून बसू नका. मुदत संपली की ही मुलं आपल्या लोकांकडे परततात किंवा कामामागे जातात. झेंगर करार संपल्यावर मेरीलँडला गेला, तिथे १७२० मध्ये नागरिक झाला. मुली हडसनकाठच्या नातेवाइकांकडे परतल्या असू शकतात. म्हणून किंग्स्टनची डच वही आणि वेस्ट कॅम्प या हडसनकाठच्या पॅलाटाइन वस्तीतल्या पास्टर (पाळक) कोखरटालची वही दोन्ही पाहायच्या. कोखरटाल १७१९ ला वारला, तोवरच्या त्याच्या लग्ननोंदींत बरेचदा वधूवरांचं मूळ गाव आणि बापाचं नाव दिलेलं आहे. या सगळ्या शोधातलं हे सर्वांत मोलाचं पान ठरू शकतं. न्यूयॉर्क शहरात १७०३ पासून १७२३ पर्यंत लुथरन पास्टर फाल्कनर होता आणि तो दूरदूर फिरत असे, तेव्हा त्याच्या वहीत भलत्याच गावची लग्नं आढळतील.

बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची नावं प्रत्येक वेळी पूर्ण उतरवा. पहिल्या दोन मुलांचे साक्षीदार बहुधा बहीण, भाऊ, मामा. तिला आईबाप नव्हते, त्यामुळे तिने बोलावलेले साक्षीदार म्हणजे तिचे उरलेले जवळचे लोक.

रेघोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. आधी साल तपासलं. नोंदीच्या वर नोव्हेंबर १७११ आणि खाली मे १७१२ आहे. म्हणजे करार फेब्रुवारी १७१२ चा.

खर्चवही पुन्हा मांडली. 'ग' कुटुंबाचा प्रमुख १३ सप्टेंबर १७१२ पर्यंत स्वतःच्या नावाने शिधा घेतो, तो मयत बाप असूच शकत नाही. 'क' कुटुंबात १७१० च्या ४ ऑक्टोबरला मोठे २, लहान ३. ३१ डिसेंबरला मोठे ३, लहान २. १७११ च्या जूननंतर त्याच्या जागी विधवा, आणि वर्षाअखेरीनंतर ते कुटुंब वहीत नाही.

न्यूयॉर्क शहराच्या यादीत मुलगी नाही. बांधलेल्या मुलांच्या यादीत त्याच आडनावाचा एक मुलगा मात्र सापडला, वय ८, तिच्या नोंदीनंतर चौथी नोंद. त्यालाही फक्त मयत लिहिलंय. आता जर्मनीत कुठून सुरुवात करू?

जुनी_वही

हा 'क' फार चांगला बसतो. डिसेंबरचा बदल म्हणजे बेरीज पाचच, एक मूल दहाचं झालं. तुमच्या मुलीचं वय त्याला जुळतं. आठ वर्षांचा भाऊ हा दुसरा आकडा. तिसरं मूल कुठे गेलं ते अजून शोधायचं आहे. विधवा मयत आहे असं गृहीत धरू नका, वहीतून नाव जाणं म्हणजे पुनर्विवाहही असतो. कोखरटालच्या वहीत १७११ च्या उत्तरार्धातलं लग्न पाहा, 'क'ची विधवा अशा नावाने.

जर्मनीत जायच्या आधी लंडन. मे आणि जून १७०९ मध्ये तिथे आलेल्या पॅलाटाइनांच्या चार याद्या केल्या गेल्या. कुटुंबप्रमुखाचं नाव, वय, धंदा, पंथ, बायको आहे का, आणि मुलगे-मुलींची फक्त वयं. तुमची मुलगी फेब्रुवारी १७१२ ला अकराची, म्हणजे मे १७०९ ला साधारण आठची. भाऊ पाचचा. तुम्हाला हवं ते घर : आडनाव क किंवा ग, एक मुलगी ७ ते ९, एक मुलगा ४ ते ६. वयाला दोन वर्षांची सूट नेहमी द्या, कारण करारात वय अंदाजाने लिहीत. जूनच्या मध्यानंतर लंडनला आलेल्यांची अशी यादी नाही, ते मिळाले तर रॉटरडॅमच्या बोटींच्या याद्यांत मिळतील.

बाप तिथे सापडला की त्याच्या वरचे दहा आणि खालचे दहा प्रमुख उतरवून घ्या. एका गावचे लोक एकत्र चालत आले, एकत्र बोटीत बसले, एकत्र रांगेत उभे राहिले. या वीसांपैकी पाच-सहांचं मूळ गाव आधीच शोधलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. हेन्री जोन्स यांच्या १९८५ च्या दोन खंडांत न्यूयॉर्कच्या ८४७ पॅलाटाइन कुटुंबांचा अभ्यास आहे, नंतरच्या पुरवण्याही आहेत. तुमच्या आडनावाखाली काही नसेल तर शेजाऱ्यांच्या आडनावांखाली पाहा. त्यांची गावं नकाशावर मांडा. ती एका दिवसाच्या पायी अंतरात जमली तर त्या भागातल्या सगळ्या चर्चच्या वह्या तुमच्या.

उगम

जर्मन वह्यांपुरतं लिहितो.

पॅलाटाइन हे नाव लंडनने दिलेलं आहे, त्यावर विसंबून फक्त पॅलाटिनेट शोधू नका. वायझर कुटुंब व्युर्टेम्बर्गचं होतं. हेस्से, नासाऊ, बाडेन इथलेही बरेच होते.

१७०० च्या सुमाराची वही मिळेलच असं नाही. १६८९ मध्ये फ्रेंच फौजांनी हा मुलूख जाळला, श्पायर, वोर्म्स, मानहाइम सगळं. कितीतरी गावांत वह्या १६९७ च्या तहानंतरच पुन्हा सुरू होतात. तुमच्या मुलीचा बाप्तिस्मा मिळेल, पण आईबापांचं लग्न त्या मोकळ्या जागेत पडू शकतं. रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनपंथी प्रोटेस्टंट) कुटुंबाच्या नोंदी लुथरन किंवा कॅथलिक वहीत असणं अगदी नेहमीचं, कारण लहान गावात प्रत्येक पंथाचा पाळक नसे. तिन्ही चाळा. प्रोटेस्टंट वह्यांच्या प्रतिमा आर्किऑन या संकेतस्थळावर पैसे भरून मिळतात, कॅथलिक बऱ्याच मात्रिकुलावर मोफत, काही फॅमिलीसर्चवर. लिपी कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी आहे. तीत ई (e) आणि एन (n) जवळजवळ सारखे दिसतात. आडनाव लागलं नाही तर त्याच पाळकाच्या हातचे महिने आणि ओळखीची नावं वाचून अक्षरं पक्की करा, मग परत या.

पहिलं नाव सोडून द्यायला शिका. योहान आणि आना ही नावं चार भावांना आणि चार बहिणींना एकत्र असतात, हाक मारतात ती दुसऱ्या नावाने. यादीत नुसती आना असेल तर वहीत ती आना मार्गारेटा, आना कॅथरिना, काहीही असू शकते. योहानेस हे मात्र पूर्ण नाव आहे, योहानशी त्याची गल्लत नको.

आता तो वंशावळींतला १७०० चा बाप्तिस्मा. त्याला तीन कसोट्या लावा. एक, त्याच वहीत १७०० ते १७०९ चे दफन वाचा. त्या मुलीचं दफन तिथेच असेल तर प्रश्न मिटला, आणि असं फार वेळा होतं. दोन, बाप १७०९ नंतर त्या गावात दिसतो का : नवं मूल, साक्षीदार, लग्न. दिसला तर तो न्यूयॉर्कला गेलेला नाही. तीन, त्याच आईबापांना १७०३ च्या आसपास मुलगा झाला का. तुमच्याकडे आता भाऊ आहे, त्यामुळे तिसरी कसोटी पूर्वीपेक्षा कितीतरी धारदार झाली. एक नाव जुळणं म्हणजे सुतावरून स्वर्ग. बापाचं नाव, मुलगी आणि मुलगा योग्य अंतराने, आणि १७०९ नंतर सगळे गप्प, हे चारही जुळले तर लिहायला हरकत नाही.

सगळी भावंडं एकाच गावच्या वहीत मिळतील अशी अपेक्षा धरू नका. झेंगरचा बाप शाळामास्तर होता. १७०१ मध्ये तो इम्पफ्लिंगेनला दिसतो, मुलांचे बाप्तिस्मे मात्र १६९७ आणि १७०३ मध्ये रुम्बाखला आणि १७०६ मध्ये वाल्डफिशबाखला. गवळी, मेंढपाळ, मास्तर, विणकर हे लोक फिरते असत. लंडनच्या यादीत धंदा काय लिहिलाय ते पाहून ठरवा, एका गावात खोल खणायचं की आजूबाजूची दहा गावं वरवर चाळायची.

डीएनएचा मोह कुणीतरी घालेलच. १७०० ची व्यक्ती आजच्या माणसापासून सुमारे दहा पिढ्या दूर आहे, तिचा सरासरी वाटा हजारात एक. साध्या चाचणीत तो बहुतेक वेळा सापडतही नाही. उपयोग एका ठिकाणी : भाऊ मोठा होऊन त्याचा पुरुषवंश आजवर टिकला असेल, तर वाय-गुणसूत्राची (बापाकडून फक्त मुलग्याकडे जाणाऱ्या) चाचणी त्या जर्मन गावातल्या त्याच आडनावाच्या पुरुषाशी ताडून पाहता येते. त्यासाठी आधी भाऊ कुठे बांधला गेला आणि १७२५ नंतर कुठे जमीन घेतली ते कागदावर आणा. आठ वर्षांचा मुलगा एकवीसचा होतो साधारण १७२४-२५ ला, त्या सालापासून त्याच्या मालकाच्या गावची दप्तरं उघडा.